खेळ त्यांचा, दालने आपली

आमच्या घराचा आणि संगणकावरील खेळांचा काडीचाही संबंध नाही, असे मी परवापरवापर्यंत अभिमानाने सांगत असे. वडील होळकर दरबारचे पखवाजिये आणि मी पलासियात गाण्याबजावण्याची शिकवणी करणारा मास्तर. बंदूक घेऊन भुताखेतांच्या मागे धावण्याचे जे खेळ आजची मुले खेळतात, त्यांविषयी माझे मत काय असणार, हे वाचकांना निराळे सांगावयास नको. आज त्या मतात थोडी दुरुस्ती करण्यासाठी मी लेखणी उचलली आहे. दुरुस्ती जाहीर करतो, कारण मूळ मतही मी चारचौघांत बोलून दाखवत आलो होतो.

गेल्या महिन्यातील गोष्ट. संध्याकाळची शेवटची तुकडी उठून गेली होती आणि मी तंबोऱ्याला गवसणी घालत होतो, एवढ्यात थोरल्या बहिणीचा मुलगा दारात येऊन उभा राहिला. हा मुलगा लहानपणी माझ्याकडे पखवाज शिकत असे. पुढे अभियांत्रिकीला गेला, रात्ररात्र संगणकापुढे बसू लागला, आणि एक दिवस मी त्याला त्याच्या आईदेखत म्हणालो, "आजोबांचा पखवाज तुला सोसायचा नाही, तू आपली भुतं मार." त्यानंतर तीन वर्षे त्याने माझ्या शिकवणीच्या खोलीत पाऊल टाकले नव्हते. त्या दिवशी मात्र लॅपटॉप काखेत मारून आला आणि म्हणाला,

"मामा, पाच मिनिटं आहेत? आजोबांची माडी दाखवायची आहे."

आता ही माडी २०११ सालीच पाडली गेली आहे. आमच्या आबांनी १९५६ साली जुन्या पलासियात कौलारू घर बांधले आणि वर एक लाकडी माडी चढवली. तेथे त्यांचा रियाझ चाले. आबा सतराव्या वर्षी दरबारात लागले आणि विसाव्या वर्षी, १९४८ साली, संस्थान मध्य भारतात विलीन होऊन दरबारच संपला. उरलेले आयुष्य त्यांनी त्या माडीवर काढले म्हटले तरी चालेल. मी त्यांचे शेंडेफळ. ते गेल्यावर भावंडांनी जागा बिल्डरला दिली आणि त्याच जागेवरच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, मी आज राहतो. म्हणजे त्या माडीच्या साधारण उंचीवरच माझे बिऱ्हाड आहे, फक्त माडी नाही.

ती माडी भाच्याने त्याच भुतांच्या खेळात बांधून आणली होती.

ज्या वाचकांना या खेळाची ओळख नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. 'डूम' नावाचा हा खेळ टेक्सासातील आयडी सॉफ्टवेअर या मंडळींनी १० डिसेंबर १९९३ रोजी बाहेर काढला. पडद्यावर खेळणाऱ्याचे चित्र दिसत नाही. त्याचे डोळे म्हणजेच पडदा. पुढे बंदूक, समोर दालने, बोळ, जिने, आणि त्यांत दबा धरून बसलेले राक्षस. तीन भाग, प्रत्येकी नऊ नकाशे, मिळून सत्तावीस. पहिला भाग फुकट वाटण्यास मोकळीक होती, पुढचे दोन विकत घ्यावे लागत. एवढेच असते तर तीन दशकांत हा खेळ विस्मरणात गेला असता, जसे त्या काळचे शेकडो खेळ गेले.

तो गेला नाही, याचे कारण त्याच्या रचनेत आहे. याच मंडळींच्या 'वुल्फेन्स्टाइन थ्रीडी' या १९९२ सालच्या खेळात हौशी लोक आतली माहिती खटपटीने उकलून स्वतःचे नकाशे घुसडू लागले होते. दुसरा कोणी असता तर कुलपे वाढवली असती. यांचा प्रमुख आज्ञावलीकार जॉन कारमॅक याने उलट केले. खेळ चालवणारे यंत्र एकीकडे ठेवले आणि नकाशे, चित्रे, आवाज हा सारा ऐवज 'वॅड' नावाच्या वेगळ्या फायलीत ठेवला. आपली फाइल करा, यंत्राला द्या, यंत्र ती चालवील. जानेवारी १९९४ मध्ये, म्हणजे दोन महिन्यांच्या आत, न्यूझीलंडचा ब्रेंडन वायबर आणि बेल्जियमचा राफाएल किने या उत्साही माणसांनी नकाशे काढण्याचे अवजारही तयार करून वाटले. अर्थात हे काही दानधर्म म्हणून चालले नव्हते. चाहत्यांचे नकाशे पूर्ण खेळ विकत घेतलेल्यालाच चालावेत, अशी आयडीवाल्यांची अपेक्षा होती. पण दार उघडे ठेवले होते, हे खरे. पुढे डिसेंबर १९९७ मध्ये खेळाची मूळ आज्ञावलीसुद्धा त्यांनी खुली केली. तेव्हापासून आजवर जगभरचे हौशी लोक या एका जुन्या खेळात नवी दालने बांधीत आहेत. २००४ पासून दरवर्षी १० डिसेंबरला, खेळाच्या वाढदिवशी, त्या वर्षीच्या निवडक नकाशांचा गौरवही होतो.

भाच्याने मला एकदम आबांच्या माडीवर नेले नाही. "आधी बाकीची घरं बघा, मग आपलं," म्हणाला. मला बंदूक चालवता येईना, पहिल्याच बोळात तीनदा मेलो. तेव्हा त्याने कळफलकावर पाच अक्षरे टंकली आणि मला अभय मिळाले. आता कोणी कितीही गोळ्या झाडा, मी अमर. मग मात्र मी सावकाश, एखादे जुने मंदिर पाहावे तसे, ते नकाशे पाहिले. पुढे तीनचार रविवार हाच क्रम चालला.

मूळ खेळाचा पहिलाच नकाशा पाहा. जॉन रोमेरोच्या या नकाशात सुरुवातीच्या खोलीतून खिडकीबाहेर एक अंगण दिसते आणि त्यात एक चिलखत ठेवलेले असते. समोर दार नाही, वाट नाही. पुष्कळ पुढे गेल्यावर एक गुप्त वाट सापडते आणि माणूस त्या अंगणात पोचतो. बाहेरचे जे दिसते तेथे जाता आले पाहिजे, असा रोमेरोचा नियमच होता. मला यात मोठी मौज वाटली. आलापाच्या आरंभी वरच्या षड्जाची नुसती चाहूल द्यावी, श्रोत्याला तेथे जाण्याची तहान लावावी, आणि अर्ध्या तासाने त्याला तेथे पोचवावे, हे आम्ही वेगळे काय करतो?

त्यानंतर चाहत्यांची कामे. डारिओ आणि मायलो कसाली या दोघा भावांनी रचलेला 'प्लुटोनिया' पाहिला. बत्तीस नकाशे, एकापेक्षा एक कठोर. तेथे राक्षस जेथे नको नेमके तेथे उभे असतात. तिहाई चुकीच्या मात्रेवर सुरू झाली असे वाटावे आणि ती समेवर बरोबर येऊन आदळावी, तसा तो प्रकार. 'ईव्हिल्यूशन' हा दुसरा संग्रह चाहत्यांच्याच 'टीम टीएनटी' या जथ्याने फुकट वाटण्यासाठी केला होता. वाटण्याच्या ऐन वेळी आयडीने तो विकत घेतला आणि १९९६ साली हे दोन्ही संग्रह 'फायनल डूम' नावाने विक्रीस आणले. फुकट मिळणार म्हणून वाट पाहणारे पुष्कळ लोक तेव्हा चिडले होते. दरबाराने बोलावले की बाहेरचे गाणे आत जाते, आणि बाहेरचे श्रोते दाराशी उभे राहतात. ही गोष्ट इंदूरच्या माणसाला कोणी शिकवायला नको.

शेवटी त्याने मार्च २०२३ मधला 'मायहाऊस' नावाचा नकाशा दाखवला. वरवर अगदी साधे दुमजली घर. निवर्तलेल्या मित्राचे अपुरे काम पुरे केले, असे सोबतच्या टिपणात म्हटले आहे. घरात हिंडून बाहेर यावे, पुन्हा आत जावे, तो घर हळूहळू बदललेले. भिंत होती तेथे दार, दार होते तेथे भिंत. यात राक्षसांपेक्षा घराचीच भीती वाटते. आपले पाडलेले घर ज्याने स्वप्नात पाहिले आहे, त्याला हे सांगावे लागत नाही.

येथे एक तांत्रिक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण माझ्या मते सारी कला तिच्यातच आहे. डूमच्या मूळ यंत्राला खोलीवर खोली ठेवता येत नाही. नकाशा कागदावर काढल्यासारखा सपाट असतो. त्यातल्या प्रत्येक तुकड्याला एक जमीन, एक छत, आणि त्यांची उंची, एवढेच. जिने, खड्डे, उंच ओटे करता येतात, पण एका दालनाच्या डोक्यावर दुसरे दालन नाही. आपला राजवाडा, खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी असा सात मजल्यांचा, या यंत्रात सरळ उभाच राहणार नाही. मग आबांची माडी कशी उभी राहिली?

भाचा म्हणाला, "माडी घरावर नाहीच आहे मामा. ती नकाशाच्या पार दुसऱ्या कोपऱ्यात आहे. जिन्याच्या मधल्या पायरीवर एक रेघ आहे. ती ओलांडली की तुम्ही गुपचूप तिकडे जाता. तुम्हाला कळत नाही, एवढंच."

आणि खरोखरच कळत नाही. मी जिना चढलो आणि माडीवर आलो. ही गुपचूप नेणारी रेघ मूळ खेळात नव्हती. १९९७ मध्ये आज्ञावली खुली झाली, तिच्यावर १९९८ मध्ये त्याच टीम टीएनटीने 'बूम' नावाचे सुधारलेले यंत्र केले, आणि त्यात ही सोय आली. म्हणजे टेक्सासात कोणी कुलूप काढले, म्हणून पलासियातली माडी चढता आली.

जिन्याच्या पायऱ्या मला फार उंच वाटल्या. तसे म्हणताच भाचा हसला. या खेळातला माणूस छप्पन्न मापे उंच असतो आणि चोवीस मापांहून उंच पायरी त्याला चढता येत नाही. याने प्रत्येक पायरी बरोबर चोवीसची ठेवली होती. "लहानपणी आजोबांच्या जिन्याची पायरी माझ्या गुडघ्याच्या वर यायची. म्हणून सगळं घर त्या उंचीवरून मोजलं." विक्रीच्या कागदांतला जुना नकाशा, लग्नामुंजींतली छायाचित्रे आणि स्वतःची आठवण, एवढ्या भांडवलावर हे घर झाले. त्यात एकही राक्षस नाही. खिडकीतून अंगणातला प्राजक्त दिसतो, आणि रोमेरोच्या नियमाप्रमाणे तेथे जाताही येते.

आता माझे मत सांगतो. या चाहत्यांच्या कामाला आपण 'नक्कल' म्हणून हिणवतो, कारण यंत्र दुसऱ्याचे, भिंतींची चित्रे दुसऱ्याची, राक्षसही दुसऱ्याचेच. पण मग आमच्याकडे स्वतःचे काय असते? राग माझा नाही, ताल माझा नाही, बंदिश गुरूची. उस्ताद अमीर खाँसाहेब याच इंदुरात वाढले. त्यांच्या गायकीतील मेरुखंडाचा हिशेब असा की, सात स्वर प्रत्येकी एकदाच घेतले तर त्यांच्या ५०४० मांडण्या होतात. स्वर सातच, आठवा कोणी देत नाही. ज्याला या सातांत काही सुचत नाही त्याला सत्तरांतही सुचणार नाही. डूमचे चाहते तर मुद्दाम मर्यादा वाढवून घेतात. दहाच तुकड्यांत नकाशा पुरा करा, हजार रेघांच्या आत करा, अशा पैजा ते लावतात. मर्यादेला कंटाळणारा माणूस असले काही करीत नाही. या मंडळींना आपण कलावंतांच्या पंगतीत पाट मांडला पाहिजे.

यावर आक्षेप येतील आणि ते यावेत. पहिला हिंसेचा. हा खेळ रक्ताने माखलेला आहे, हे मी पाहिले आहे आणि मला ते आवडलेले नाही. १९९९ साली अमेरिकेतील कोलोरॅडो प्रांतात दोन विद्यार्थ्यांनी आपल्याच शाळेत हत्याकांड केले. त्यांतील एक जण डूमचे नकाशे बनवीत असे, ही गोष्ट लपवून माझी बाजू मांडणे बरोबर होणार नाही. मात्र त्याच खेळात लक्षावधी मुलांनी दालने बांधली आणि कोणाच्या अंगाला बोट लावले नाही, हेही तितकेच खरे. संगीताने माणूस सुधारतो असे आम्ही मास्तर लोक पालकांना सांगतो. परंतु उत्तम सुरेल आणि पक्के दुष्ट असे लोक आम्ही सर्वांनीच पाहिले आहेत. अवजार माणसाची हमी देत नाही, आमचेही नाही. मुलगा काय बांधतो आहे हे वडीलधाऱ्यांनी शेजारी बसून पाहावे, एवढेच यावर मला सुचते. मी तीन वर्षे बसलो नाही.

दुसरा आक्षेप वेळ फुकट जाण्याचा. तो मी स्वतःच घेत असे, म्हणून त्याचे उत्तर देणे मला अवघड जाते. भाच्याला या घरासाठी सात महिने लागले. सात महिने रोज दोन तास पखवाज वाजवला असता तर हात तयार झाला असता. हे खरेच आहे, आणि तरीही आबांच्या माडीची उंची आज घरात कोणाला ठाऊक असेल तर ती त्या मुलाला आहे, मला नाही.

आता मूळ मुद्द्यावर येतो, कारण भाचा काही माझे प्रशस्तिपत्र मागायला आला नव्हता. माडी दाखवून झाल्यावर तो म्हणाला, "इथे आवाज घालता येतो. आजोबा संध्याकाळी एक परण वाजवायचे, मोठी. ती सांगा ना, मी वाजवून घालतो."

ती परण मला येत नाही.

अर्धी येते. आबा नाना पानशांच्या परंपरेतले. ज्या पानशांनी इंदूरच्या दरबारात राहून शिष्यांचा एवढा मोठा परिवार उभा केला, त्यांच्या परंपरेतले. तथापि दरबार गेल्यावर आबांच्या मनाने काय घेतले कोण जाणे. ज्या काही खास चिजा होत्या त्या त्यांनी धरून ठेवल्या. बाहेरच्याला तर नाहीच, मलाही नाही. "हात तयार होऊ दे, देईन." २००३ साली ते गेले. माझा हात त्यांच्या मते तयार झाला की नाही, हे मला कधी समजले नाही. ध्वनिमुद्रण त्यांनी करू दिले नाही आणि वहीत काही नाही. मी त्यांना दोष देतो असे नाही. ज्याची नोकरी, मान, बिदागी सारे एका सहीने गेले, त्याच्या मुठीत तेवढेच उरले होते. मूठ त्यांनी उघडली नाही. परिणाम मात्र असा की, माडी आहे, जिना आहे, खिडकीबाहेर प्राजक्त आहे, आणि माडीवर शांतता आहे.

पंडित विष्णु नारायण भातखंड्यांनी घरोघर, दरबारोदरबार हिंडून शेकडो बंदिशी मिळवल्या आणि 'क्रमिक पुस्तक मालिके'च्या सहा भागांत स्वरलिपीसह छापल्या, तेव्हा कलावंतांनी थोडी का नाके मुरडली? कागदावर मींड उतरत नाही, पुस्तकातून गाणे येत नाही, असे म्हटले गेले. खोटे नव्हते ते. पण त्या पुस्तकांत जे आहे ते आज माझ्या तेरा वर्षांच्या विद्यार्थिनीला मिळते, आणि आबांच्या मुठीत जे होते ते त्यांच्या मुलालाही मिळत नाही. कारमॅकने वॅड वेगळी केली आणि भातखंड्यांनी बंदिशी छापल्या, या दोन्ही कामांची जात एकच आहे, असे मी आता मानतो.

चाहत्यांच्या या जगात एक चांगली रीत आहे. प्रत्येक नकाशासोबत एक साधे टिपण असते. कर्ता कोण, नवे किती आणि दुसऱ्याचे किती, कोणते अवजार वापरले, किती वेळ लागला, ठाऊक असलेले दोष कोणते, आणि शेवटी, या कामावर दुसऱ्याने पुढे काम करावे की नाही. आमच्या मैफिलींत आणि शिकवण्यांत असे टिपण कोणी लिहिले तर किती भांडणे वाचतील! बंदिश कोणाकडून मिळाली, अंतरा मूळचा की मागाहून जोडलेला, पुढे शिकवायला परवानगी आहे की नाही, सगळे एका कागदावर.

इंदुरातील संगीतशिक्षकांना माझी एवढीच विनंती आहे. तुमच्यापाशी जे आहे ते या वर्षी लिहून काढा किंवा मुद्रित करा, त्याला असे टिपण जोडा, आणि शेवटच्या ओळीत 'परवानगी आहे' असे लिहा. शिष्याचा हात तयार होण्याची वाट पाहू नका. आणि आपल्या सांस्कृतिक संस्थांना दुसरी विनंती. स्नेहसंमेलनांत चित्रे, रांगोळ्या मांडता, त्यांच्या शेजारी या मुलांसाठी एक टेबल टाका. कोणी राजवाडा बांधील, कोणी आपले पाडलेले घर. बंदुकीवाचूनही तेथे हिंडता येते.

माझ्यापुरते म्हणाल तर मी गेल्या रविवारपासून सुरुवात केली आहे. भाचा सकाळी येतो, मी मला येणाऱ्या परणी बोलतो, तो लिहून घेतो आणि मग पखवाजावर वाजवून पाहतो. तीन वर्षांत हात बराच जड झाला आहे, पण लय शाबूत आहे. आबांची ती अर्धी परणही सांगितली. "जेवढी आहे तेवढी लिही, आणि पुढे जागा मोकळी सोड," असे त्याला म्हटले. आबांकडे तरुणपणी येणारी दोनचार मंडळी होती. त्यांच्यापैकी कोणाला उरलेली अर्धी ऐकल्याचे आठवत असेल, तर त्यांनी जुन्या पलासियात आमच्याकडे अवश्य यावे. चहा पाजीन आणि पाय धरीन.

नकाशाचे टिपण भाच्याने पुरे केले आहे. कर्ता म्हणून स्वतःचे नाव, आधार म्हणून आजोबांचे घर, वेळ सात महिने, परवानगी आहे. ठाऊक असलेल्या दोषांच्या रकान्यात एकच नोंद आहे : 'माडीवर आवाज नाही.'